ही जागा निघाल्याचे कोणी सांगितले?
आयर्लंडमधील व्यावसायिक स्त्रियांच्या अभ्यासाला प्रस्तावना

१९२६ च्या उत्तरार्धात एका आयरिश बाईंनी हिंदुस्थानभरच्या स्त्रियांना पत्र धाडले. मुलींच्या शिक्षणाबाबत आपल्याला नेमके काय हवे आहे, हे प्रत्येक प्रांतातल्या स्त्रियांनी आपापल्या ठिकाणी जमून ठरवावे आणि मग सगळ्यांनी मिळून ते सरकारला एका आवाजात सांगावे, असा त्या पत्राचा आशय होता. ठिकठिकाणी बैठका झाल्या, प्रतिनिधी निवडले गेले आणि जानेवारी १९२७ मध्ये पुण्याला, फर्ग्युसन कॉलेजात, बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. पत्र लिहिणाऱ्या बाई म्हणजे रॉसकॉमन काउंटीतल्या बॉइल गावच्या मार्गारेट कझिन्स.

कझिन्सबाई हे काम डब्लिनमध्ये शिकून आल्या होत्या. १९०८ मध्ये हॅना शीही-स्केफिंग्टन यांच्यासोबत त्यांनी आयरिश विमेन्स फ्रँचाइज लीग ही मताधिकारासाठी झगडणारी संघटना उभी केली. त्यापायी तुरुंगवास भोगला, १९१३ मध्ये टलमोरच्या तुरुंगात उपोषण केले. १९१५ मध्ये त्या भारतात आल्या आणि दोन वर्षांत अड्यारला विमेन्स इंडियन असोसिएशनच्या स्थापनेत पुढे होत्या. या संस्थेने ‘स्त्रीधर्म’ हे मुखपत्र काढले, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. मुखपत्र असले की संस्थेचा निरोप सभेला न आलेल्या बाईपर्यंतही जातो.

आयर्लंडमधील व्यावसायिक स्त्रियांच्या अभ्यासात शिरू पाहणाऱ्या मराठी वाचकाचे स्वागत मी पुण्यातल्या त्या अधिवेशनापासून करते, कारण हा विषय आपल्याला वाटतो तितका परका नाही. या क्षेत्रात काय अभ्यासायचे? शिकलेली बाई नोकरीत शिरते कशी, टिकते कशी आणि वर चढते कशी, एवढे ढोबळमानाने सांगता येईल. त्यात कायद्याचा भाग मोठा आहे आणि त्यावर लिहिलेही पुष्कळ गेले आहे. पण दार उघडल्याची खबर बाईला कधी लागली, कोणाकडून लागली आणि आत तिच्यासाठी शब्द टाकणारे कोणी होते का, या गोष्टी बऱ्याचदा तळटिपेत ढकलल्या जातात. माझ्या मते त्या मजकुरात असायला हव्यात. आयर्लंडचा इतिहास त्याच बाजूने वाचला तर अधिक उलगडतो.

पहिली काही दारे आयर्लंडमध्ये शेजारच्या इंग्लंडच्या आधी उघडली. १८७७ मध्ये डब्लिनच्या किंग अँड क्वीन्स कॉलेज ऑफ फिजिशियन्सने स्त्रियांना परीक्षा घेऊन वैद्यकीचा परवाना देण्यास सुरुवात केली, आणि ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षे झगडणाऱ्या सोफिया जेक्स-ब्लेक यांच्यासारख्या स्त्रिया तो घ्यायला डब्लिनला आल्या. १९०४ मध्ये ट्रिनिटी कॉलेजने स्त्रियांना प्रवेश दिला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज त्या वेळी मुलींना शिकू देत, परीक्षा देऊ देत, पदवी मात्र देत नसत. या तीन जुन्या विद्यापीठांत एकमेकांच्या पदव्या मान्य करण्याचा प्रघात होता. त्याचा आधार घेऊन १९०४ ते १९०७ या काळात सातशेच्या आसपास इंग्रज विदुषी बोटीने डब्लिनला आल्या, झगा चढवून पदवी घेतली आणि परत गेल्या. त्यांना ‘स्टीमबोट लेडीज’ असे नाव पडले. त्यांतल्या बऱ्याच जणी शाळांमध्ये शिकवत होत्या. त्यांच्या कामात पदवीच्या कागदाला मोल होते, आणि ही सवलत थोड्या काळाची आहे हे कळण्यावर सारे अवलंबून होते. मुलींच्या कॉलेजांतल्या एकमेकींच्या ओळखी इथे उपयोगी पडल्या.

वकिलीतही तसेच. नोव्हेंबर १९२१ मध्ये फ्रान्सिस काइल आणि अ‍ॅव्हरिल डेव्हरेल यांना डब्लिनमध्ये बॅरिस्टर म्हणून सनद मिळाली, लंडनच्या आधी. आपल्या नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्येच ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली होती. भारतात स्त्रियांना वकिलीचा हक्क देणारा कायदा व्हायला १९२३ साल उजाडले. तीस वर्षे ही बाई कायदा जाणत होती आणि त्या हक्काने कोर्टात उभी राहू शकत नव्हती.

स्वतंत्र आयर्लंडमध्ये मात्र उलटी गंगा वाहू लागली. १९३५ च्या एका कायद्याने उद्योगधंद्यांत स्त्रियांच्या नेमणुकीवर बंधन घालण्याचा अधिकार मंत्र्याला दिला. १९३७ च्या राज्यघटनेतील ४१.२ या कलमाने स्त्रीचे घरातले स्थान राष्ट्राचा आधार म्हणून गौरवले आणि आर्थिक गरजेपोटी आईला घर टाकून कामाला जावे लागू नये यासाठी राज्य झटेल असे म्हटले. घटनेचा मसुदा आला तेव्हा नॅशनल युनिव्हर्सिटीच्या पदवीधर स्त्रियांच्या संघटनेने त्याला कडाडून विरोध केला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या स्त्रिया संघटनेच्या नावाने राज्याशी भांडल्याचे ते ठळक उदाहरण आहे. त्या हरल्या, पण त्यांचे आक्षेप पुढच्या पिढीला आयते मिळाले.

ज्या नियमाने सर्वांत जास्त स्त्रियांचे करिअर कापले, तो ‘मॅरेज बार’. त्याची कामाची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. सरकारी खात्यात लागलेली मुलगी परीक्षा देऊन आलेली असे, टायपिंगपासून हिशेबापर्यंत तयार झालेली असे. लग्न ठरले की तिने राजीनामा द्यायचा. कायम सेवेत सहा वर्षे झाली असतील तर दर वर्षामागे एक महिन्याचा पगार, जास्तीत जास्त बारा महिन्यांचा, अशी लग्नाची ग्रॅच्युइटी हाती पडे. कचेरीतल्या मैत्रिणी निरोपसमारंभ करत, आणि मुलगी ती रक्कम संसाराच्या सामानाला लावे. म्हणजे हकालपट्टी सणासारखी साजरी होई. हा नियम इतकी वर्षे का टिकला, याचे अर्धे उत्तर मला या निरोपसमारंभात दिसते. वरची जागा सोडून जाणाऱ्या प्रत्येक बाईमागे एका तरुण मुलीला जागा मिळे, त्यामुळे खालच्या पायरीवरच्या मुलींनाही त्यात तातडीचे नुकसान दिसत नसे. बड्या बँकांमध्येही हाच रिवाज होता. प्राथमिक शिक्षिकांवरचा नियम १९५८ मध्ये उठला, त्यात शिक्षकांच्या टंचाईचा वाटा मोठा होता. सरकारी सेवेतला उठायला १९७३ चा जुलै उजाडावा लागला.

आपल्याकडे हे नव्हते असे समजू नये. मुंबईच्या एका औषध कंपनीत पॅकिंग खात्यातल्या मुलीने लग्न केले की नोकरी जाई. कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९६५ मध्ये तो नियम रद्द करून घेतला. परराष्ट्र सेवेतल्या सी. बी. मुथम्मा यांना १९७९ मध्ये न्यायालयाची पायरी चढावी लागली, तेव्हा त्या सेवेत स्त्रीने लग्नासाठी सरकारची परवानगी घ्यावी असा नियम होता.

मॅरेज बारचे दुखणे नियमाबरोबर संपले नाही, आणि हे या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने पक्के ध्यानात ठेवावे. आयर्लंडमध्ये म्हातारपणीचे सरकारी पेन्शन भरलेल्या हप्त्यांवर ठरते. घरी मुले-माणसे सांभाळण्यात गेलेल्या वर्षांची दखल घेणारी योजना १९९४ मध्ये आली, पण ती एप्रिल १९९४ नंतरचीच वर्षे मोजत असे. म्हणजे १९६० च्या दशकात ज्यांना सरकारनेच घरी बसवले, त्यांना पेन्शनच्या वेळी सरकारच विचारत होते की तुमचे हप्ते का कमी? नियमात दुरुस्ती व्हायला २०१८ साल आले. तोवर त्यांतल्या कित्येक जणी हयात नव्हत्या. करिअर हा शब्द आपण तिशी-चाळिशीपुरता वापरतो. अभ्यासकाने तो सत्तरीपर्यंत नेला पाहिजे.

आता नियम बदलला कसा? १९६८ मध्ये दोन संघटनांनी पुढाकार घेऊन बैठक बोलावली. एक होती हिल्डा ट्वीडी आणि त्यांच्या मैत्रिणींनी १९४२ मध्ये काढलेली आयरिश हाउसवाइव्ज असोसिएशन, दुसरी व्यावसायिक स्त्रियांची असोसिएशन ऑफ बिझनेस अँड प्रोफेशनल विमेन. दोन्ही आंतरराष्ट्रीय संघटनांशी जोडलेल्या होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक आयोगाने सदस्य देशांतल्या स्त्री-संघटनांना आपापल्या देशातली स्थिती तपासायला सुचवले आहे, ही खबर त्यांना त्या धाग्यातून लागली. इतर संघटना सोबत घेऊन समिती झाली, पंतप्रधान जॅक लिंच यांच्याकडे पाठपुरावा झाला, आणि १९७० मध्ये सरकारने स्त्रियांच्या स्थितीविषयी आयोग नेमला. अध्यक्षपद थेक्ला बीअर यांच्याकडे आले. १९५९ पासून त्या वाहतूक व वीज खात्याच्या सचिव होत्या, आयरिश सरकारात त्या पदावर पोहोचलेल्या पहिल्या स्त्री. त्यांनी लग्न केले नव्हते. केले असते तर त्या खुर्चीपर्यंत पोहोचण्याचा रस्ताच नव्हता. आयोगाचा अहवाल डिसेंबर १९७२ मध्ये आला. पुढच्याच वर्षी आयर्लंड युरोपीय समुदायात गेला, मॅरेज बार उठला, आणि अहवालातल्या शिफारशी धसास लावायला स्त्री-संघटनांनी एक कायमची परिषद स्थापन केली. आजची नॅशनल विमेन्स कौन्सिल ती हीच. समान वेतनाचा कायदा १९७४ मध्ये, नोकरीतील समानतेचा १९७७ मध्ये झाला.

या घडामोडीत गृहिणींची संघटना आणि व्यावसायिक स्त्रियांची संघटना शेजारी बसल्या होत्या, याकडे वाचकाने जरूर पाहावे. ‘नोकरी करणारी’ आणि ‘घरी असणारी’ असे दोन तट पाडून लिहिलेला इतिहास इथे कोलमडतो. खेड्यापाड्यांतही तेच चित्र. वेक्सफर्ड काउंटीतल्या ब्री गावी १९१० मध्ये सुरू झालेली आणि पुढे आयरिश कंट्रीविमेन्स असोसिएशन झालेली संस्था शेतकरी घरांतल्या बायकांना कोंबड्या, मध, हस्तकला यांतून स्वतःचे पैसे मिळवायला शिकवत होती. १९५४ मध्ये तिने लाउथ काउंटीत ‘अन ग्रियानान’ हे निवासी प्रौढशिक्षण केंद्र सुरू केले. आपल्याकडे रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने विधवा-परित्यक्तांना शिक्षिका आणि नर्स केले. ते ज्याने समजून घेतले आहे, त्याला या संस्थेचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही.

बातमीचा रस्ता वर्तमानपत्रांतूनही गेला. १९६० च्या दशकाच्या शेवटी ‘आयरिश टाइम्स’मध्ये मेरी माहर यांनी ‘विमेन फर्स्ट’ हे पान चालवले, पुढे ते मेव्ह बिन्ची यांच्याकडे आले. कादंबरीकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्याच ह्या बिन्ची. पाककृतींच्या जागी पगार, कर, घटस्फोट, मुले सांभाळण्याची सोय असे विषय तिथे येऊ लागले. १९७० मध्ये आयरिश विमेन्स लिबरेशन मूव्हमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या संस्थापकांत पत्रकार स्त्रिया बऱ्याच होत्या. मार्च १९७१ मध्ये ‘लेट लेट शो’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून त्यांनी आपले म्हणणे घराघरांत नेले. आपल्याकडे १९३० पासून ‘स्त्री’ मासिकाने आणि १९८९ पासून ‘मिळून साऱ्याजणी’ने जे केले त्याच्याशी हे ताडून पाहावे. यावर एक चांगला प्रबंध कोणीतरी लिहायला हवा.

१९८३ मध्ये नेटवर्क आयर्लंड ही व्यावसायिक आणि उद्योजक स्त्रियांची संघटना निघाली. गावोगावच्या शाखा, मासिक बैठका, पुरस्कार, एकमेकींना काम मिळवून देणे, असे तिचे स्वरूप. त्याच वर्षी आयर्लंडने राज्यघटनेत आठवी दुरुस्ती करून गर्भपातावरील बंदी घटनेत नेली. या दोन घटना एकाच वर्षातल्या आहेत, हे मी मुद्दाम सांगते. त्या दुरुस्तीची किंमत आपल्या सीमाभागातल्या एका घराने मोजली. बेळगावच्या सविता हलप्पनवार दंतवैद्य होत्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. गर्भ वाचणार नाही हे कळूनही त्यांनी मागितलेला गर्भपात त्यांना नाकारला गेला होता. मे २०१८ च्या सार्वमताने ती दुरुस्ती हटवली. व्यावसायिक स्त्रीचा अभ्यास कचेरीच्या दाराशी थांबवणाऱ्याला सविता यांचे काय झाले हे कधीच समजणार नाही.

जुने ४१.२ कलम मात्र अजून जागच्या जागी आहे. मालवण तालुक्यातल्या वराड गावचे डॉक्टर आणि वॉटरफर्ड काउंटीतली नर्स यांचे चिरंजीव लिओ वराडकर पंतप्रधान असताना, ८ मार्च २०२४ रोजी ते बदलण्यासाठी सार्वमत झाले, आणि सुमारे ७४ टक्के मतदारांनी नकार दिला. यावरून आयरिश माणूस बाईला घरी बसवू पाहतो असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. नवे शब्द आजारी, अपंग आणि वृद्ध माणसांची काळजी पुन्हा कुटुंबाच्याच गळ्यात घालतात, राज्य फक्त झटण्याचे आश्वासन देते, अशी टीका काळजी घेणाऱ्यांच्याच बाजूने झाली होती.

आता आपल्या माणसांकडे येऊ. २०२२ च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये सुमारे ४५,००० भारतीय नागरिक होते. २०१६ मध्ये ते ११,००० च्या आसपास होते. रुग्णालयांत केरळच्या नर्सेस मोठ्या संख्येने आहेत, आणि तिथे बऱ्याच घरांत बाईचा परवाना आधी, नवरा तिच्यामागून आलेला, असा क्रम दिसतो. मराठी घरांत, विशेषतः सॉफ्टवेअर आणि औषधनिर्मितीतल्या, उलटा क्रम अधिक आढळतो. अशा घरातली बाई पुण्यात किंवा ठाण्यात आठ-दहा वर्षे काम केलेली असते. पूर्वी तिच्या निवासपरवान्याच्या कार्डावर ‘स्टॅम्प ३’ येई. राहा, पण नोकरी करू नका, असा त्याचा अर्थ. काम करायचे तर तिच्या नावाने वेगळा परवाना काढायला तयार असलेला मालक शोधायचा. मार्च २०१९ मध्ये क्रिटिकल स्किल्स परवानाधारकांच्या जोडीदारांना ‘स्टॅम्प १जी’ मिळू लागला, त्यावर वेगळ्या परवान्याशिवाय नोकरी करता येते. मे २०२४ मध्ये ही सवलत साध्या परवानाधारकांच्या जोडीदारांनाही लागू झाली.

एका आकड्याने आणि एका अक्षराने एवढा फरक पडला, आणि तरी प्रश्न उरतातच. सीव्हीवर पडलेली तीन-चार वर्षांची गॅप, इथला अनुभव नाही म्हणून न येणारा फोन, पाळणाघराचा खर्च, रेफरन्स म्हणून कोणाचे नाव द्यायचे ही अडचण. गणपतीच्या आरतीनंतर, मुलांच्या मराठी शाळेच्या बाकांवर, भिशीच्या गटात यांची उत्तरे मिळतात. कोणत्या कंपनीत करिअर ब्रेकनंतर परतणाऱ्यांना घेतात, कुठल्या धर्मादाय दुकानात काही महिने स्वयंसेवा केली की स्थानिक रेफरन्स मिळतो, कोणता कोर्स सरकारी खर्चाने होतो. हे ज्ञान आहे, आणि अभ्यासकाने त्याला ज्ञान म्हणूनच वागवावे.

ओळखीवर नोकरी म्हणजे वशिलाच की, असा आक्षेप इथे येईल आणि तो रास्त आहे. पण वशिल्यात जागेची बातमी मुद्दाम दाबली जाते. संघटना चांगली की नुसती मिरवण्याची, याची कसोटीही मी त्यावरूनच लावते. तिच्यामुळे बातमी तिच्या वर्तुळाबाहेरच्या किती जणींपर्यंत गेली? वर्गणी किती, बैठक संध्याकाळी सातला की दुपारी, मुलांना घेऊन आलेले चालते का, रात्रपाळीच्या नर्सला कधी येता येईल, रुग्णालय झाडणाऱ्या बाईला कोणी बोलावले का? या बाबतीत बऱ्याच नामांकित संघटना कमी पडतात. आपली मंडळेही. भाषेच्या, जातीच्या आणि नवऱ्याच्या कंपनीच्या सीमा तिथेही आखलेल्या असतात.

साधनांची वानवा नाही. २०२१ च्या कायद्यानुसार २०२२ पासून २५० किंवा त्याहून अधिक नोकरदार असलेल्या मालकांना स्त्री-पुरुषांच्या पगारातली तफावत जाहीर करावी लागते. २०२४ मध्ये ही मर्यादा १५० वर आणि २०२५ मध्ये ५० वर आली. हे अहवाल वाचताना सरासरी आणि मध्यक दोन्ही पाहावेत, कारण वरच्या चार-पाच गलेलठ्ठ पगारांमुळे सरासरी फुगते. आणि ही तफावत म्हणजे एकाच कामाला दोन पगार असे नव्हे, वरच्या जागांवर स्त्रिया किती कमी आहेत तेही त्यात मोजले जाते. १९७२ चा बीअर आयोगाचा अहवाल मात्र आधी वाचावा. कोरडा आहे, तरीही.

मराठी स्त्रियांच्या बाबतीत सुरुवात मुलाखतींपासूनच करावी लागेल, कारण त्यांच्या कामाच्या नोंदी त्यांच्या फोनमध्ये आणि आठवणीत आहेत. डब्लिन, कॉर्क, लिमरिक, गॉलवे, जिथे ओळख निघेल तिथून आरंभ करावा. पहिल्या नेमणुकीचे पत्र मागावे, नकाराचे ई-मेल मागावेत, कार्डावरचे स्टॅम्प कोणत्या साली कसे बदलले ते लिहून घ्यावे. पगाराचा आकडा सहसा दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मिळतो, पहिल्या भेटीत विचारू नये. पहिल्या भेटीत एवढेच विचारावे की ही जागा निघाल्याचे तुम्हाला कोणी सांगितले, आणि मग त्या सांगणाऱ्या बाईचा नंबर घ्यावा.